एकाच बाजूचा फरक

सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराचा शेवटचा स्क्रू काढला, तो ओठांत धरला आणि दार दोन्ही हातांनी उचलून पॅसेजच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मग दोन पावलं मागे सरून ते रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. तीही काढता येईल का, असा काहीसा विचार त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"काय झालंय त्या दाराला?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"खाली घासतंय."

"कुठे घासतंय? इतकी वर्षं मी उघडतेय, लावतेय. मला नाही कधी घासलं."

"घासायला लागेल. लाकूड आहे ते."

सून नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची बॅग न उतरवता ती पॅसेजच्या तोंडाशीच उभी राहिली, कारण पुढे जायला वाटच नव्हती. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला हत्यारांची पेटी आणि मधे सासरे. गेल्या आठवड्यात बाथरूमचा नळ असाच सुटा होऊन पडला होता. तो गळत नव्हता. दुरुस्तीनंतर गळायला लागला. त्याच्या आधी भिंतीवरचं घड्याळ उघडलं गेलं होतं आणि त्याच्याही आधी शेजाऱ्यांची बेल. शेजारी बिचारे आता दारावर टकटक करणाऱ्यांनाच आत घेत होते.

सुनेला पाहताच सासऱ्यांनी स्क्रू तोंडातून काढला.

"झालं का पाहून, प्रोफेसर?"

"पाहतेय बाबा. थोडं राहिलंय."

"सावकाश पाहा. घाई अजिबात नाही." मग लगेच, "रविवारी सभा आहे, तेवढं लक्षात असू दे. आणि नीट पाहा हं. अगदी शेवटच्या खुंटीपर्यंत. माझी म्हणून सोडू नकोस."

"नाही सोडणार," ती म्हणाली. तिला त्यांच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून ती बुटांची नाडी सोडायला वाकली.

सासूबाई चहा घेऊन आल्या. सासऱ्यांनी तो उभ्याउभ्याच, वाफ निघत असताना चार घोटांत संपवला, कप परत त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "आणखी काही बिघडलंय का घरात?"

सासूबाई रिकाम्या कपाकडे बघत राहिल्या. हा माणूस गरम चहा पितो, याची त्यांना अजून सवय झाली नव्हती.

सासरे जन्मभर मोजणीदार होते. माळ, शेतं, टेकड्या, वस्त्या, दुसऱ्यांच्या भांडणातल्या हद्दी असं सगळं त्यांनी मोजलं होतं. त्यांच्या कामाची रीत साधी होती. एका दगडापासून निघायचं, प्रत्येक कोपऱ्यावर खुंटी ठोकत, कोन आणि अंतर टिपत जमिनीला वळसा घालायचा आणि परत त्याच दगडाशी यायचं. जमिनीवर माणूस बरोबर त्या दगडाशी येतो. कागदावर मात्र शेवटचा बिंदू पहिल्यावर कधीच पडत नाही. वीतभर इकडे, हातभर तिकडे. फरक उन्हाचा असतो, वाऱ्याचा असतो, टेकाडावर धापा टाकणाऱ्या माणसाचा असतो. तो मर्यादेत असला तर सगळ्या कोपऱ्यांवर थोडाथोडा वाटून द्यायचा, आकृती बंद करायची आणि खाली लाल शाईने लिहायचं : जुळलं. त्यांच्या कचेरीत हा शब्द लिहिल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

नोकरीची अखेरची काही वर्षं उरली असताना त्यांच्या वाचनात मूळ संख्यांचा तो प्रश्न आला. एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला दुसरी कुठलीच संख्या नेमकी भागत नाही, ती मूळ संख्या. यातल्या काही जोडीने येतात, मधे एकच जागा सोडून. अकरा-तेरा, सतरा-एकोणीस, एकोणतीस-एकतीस. पुढे जावं तशा या जोड्या विरळ होत जातात. त्या कुठेतरी कायमच्या संपतात की कितीही लांब गेलं तरी एखादी भेटतच राहते, हे कुणालाच ठामपणे सांगता आलेलं नाही.

"मोजून का बघत नाहीत?" सासऱ्यांनी तेव्हा कॉलेजात असलेल्या मुलाला विचारलं होतं.

"संपतच नसतील तर मोजणार कुठवर, बाबा?"

हे उत्तर त्यांना फार लागलं. एवढी मोठी जमीन आणि तिची मोजणी झालेली नाही, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी नकाशाच्या पारदर्शक कागदाचे तुकडे एकापुढे एक चिकटवून लांबच लांब गुंडाळी तयार केली आणि तिच्यावर संख्या एका रेषेत मांडायला घेतल्या. जिथे जोडी, तिथे लाल खुंटी. गुंडाळी उलगडली की बैठकीच्या खोलीतल्या टेबलाखालून निघून पॅसेजभर पसरायची आणि न्हाणीघराच्या दाराशी वळण घ्यायची. घरात तिचं नाव पडलं 'रस्ता'. "रस्त्याचं काम चालू आहे, जरा जपून," असं सुनेचा नवरा आल्यागेल्याला सांगायचा. माणसं पाय उंच उचलून रस्ता ओलांडायची आणि सासरे पोटावर पडून खुंट्या मारत राहायचे. उशाशी ठेवलेल्या चहावर साय धरायची. सासूबाई तो तापवून आणायच्या, पुन्हा साय धरायची, पुन्हा तापवायच्या. "एक दिवस तुम्हाला मी चहाची वडीच करून देणार आहे," असं त्या म्हणायच्या आणि तिसऱ्यांदा उठायच्या.

दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांनी रस्त्याच्या शेवटी लाल शाईने 'जुळलं' लिहिलं. जोड्या कधीच संपत नाहीत, हे आपण सिद्ध केलं, असं त्यांनी जेवताना सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सकाळपासून मात्र त्यांच्या पायाला भिंगरी लागली. ते ना बसत, ना धड झोपत. जी वस्तू हाताला लागेल ती उघडत सुटले.

घरातल्या प्रत्येकाने याचा एकच अर्थ लावला. निकालाची वाट बघतायत, जीव टांगणीला लागलाय. आणि निकाल होता सुनेकडे, कारण सून विद्यापीठात गणित शिकवायची आणि तिचं संशोधनही संख्यांवरच होतं. "कोर्ट घरातच आहे म्हटल्यावर बाबा बाहेर कशाला जातील?" असं म्हणून नवरा हसला होता. आता तोही हसत नव्हता.

त्या संध्याकाळी सासरे दार घेऊन त्याच्या खालच्या कडेला रंधा मारायला गच्चीवर गेले. सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सवयीने दार लावायला हात मागे नेला. हाताला काहीच लागलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बघ. आता चार शब्द बोलायचीही सोय उरली नाही या घरात."

"काय झालं, आई?"

"तू हो म्हणून टाक." त्यांनी आवाज खाली आणला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बरोबर आहे का चूक आहे, ते तुझं तुला माहीत. पण तू हो म्हणेपर्यंत हा माणूस काही खाली बसायचा नाही. काल पहाटे उठून माझ्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करत होते. मी चष्मा शोधतेय आणि हे तो घेऊन बसलेत."

"आई, पण ते जर..."

"मी ऐकणार नाही. मला तुझा 'पण' नकोय. या वयात त्या माणसाला एकदा बरोबर म्हटलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

 सुनेने कोरडाच ओटा पुन्हा एकदा पुसला.

नवऱ्याचंही म्हणणं तेच होतं, फक्त जरा गुळमुळीत. सभा म्हणजे निवृत्त मोजणीदारांची. बाबांना पंधरा मिनिटं मिळालीत. समोर सगळे म्हातारे. कुणाला काय कळणार आहे? "आणि 'माझ्या सुनेने तपासलंय' एवढंच सांगतील ते. काय जातंय तुझं?"

तिचं जे जात होतं ते तिला त्याला समजावता येईना.

चूक तिला पहिल्याच संध्याकाळी दिसली होती. सासऱ्यांनी काम केलं होतं ते चाळण्यांनी. आधी तीनची चाळणी लावायची, तिच्यातून तीनातली एक जागा उरते. मग पाचची, तिच्यातून पाचातल्या तीन. मग सातची, अकराची, तेराची. प्रत्येक चाळणीतून ठरावीक वाटा उरतो, त्यावरून पुढे किती जोड्या असायला हव्यात याचा अंदाज निघतो. हा अंदाज वाढतच जातो, म्हणून जोड्या संपत नाहीत. आता, जागा काही प्रत्येक वेळी पुऱ्या भागत नाहीत, प्रत्येक चाळणीत थोडा फरक उरतो. तो सासऱ्यांनी, चाळीस वर्षांच्या सवयीने, सगळ्या चाळण्यांवर वाटून दिला होता. कधी इकडे जाईल, कधी तिकडे जाईल, शेवटी जुळेल. ही चूक गणितवाला करणार नाही आणि सामान्य माणूस तिच्यापर्यंत पोचणारच नाही. ती करायला मोजणीदारच हवा.

तरीही तिने दोन महिने "पाहतेय" म्हणून काढले होते.

त्याला कारण तिच्या विभागातली एक रीत होती. असल्या सिद्धता तिथे पोत्याने येत. कुणी बँकेतला, कुणी डॉक्टर, कुणी काहीच नाही. चहाच्या सुट्टीत एकजण ती मोठ्याने वाचायचा आणि पहिली चूक जो पकडेल त्याचा चहा इतरांनी द्यायचा. हसणं व्हायचं. वाईट कुणीच नव्हतं, सगळे दमलेले होते. सुनेने तो चहा जिंकलेला होता, आणि तोही एकदा नव्हे. आता 'सुनेने तपासलंय' असा शिक्का घेऊन ते कागद उद्या त्याच टेबलावर आले असते आणि कुणीतरी तिसऱ्या ओळीलाच "सापडली!" म्हणून हात वर केला असता. त्या कल्पनेने ती कागद परत खणात सरकवायची. स्वतःच्या नावाची काळजी त्यात होती, पण तेवढीच नव्हती.

शिवाय स्वतः ती या प्रश्नाच्या वाटेला कधीच गेली नव्हती. "असल्या प्रश्नांना हात लावायचा नाही," असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. "आयुष्यं गेलीत त्यात. कडेकडेने चाल." ती कडेकडेने चालत राहिली होती. त्यात तिला नोकरी मिळाली होती, मान मिळाला होता आणि झोपही शांत लागत होती.

शुक्रवारी दुपारी तिने विभागातल्या संगणकावर सासऱ्यांचा रस्ता पुढे वाढवला. सासरे हाताने दहा हजारांपर्यंत गेले होते आणि तिथवर त्यांचा अंदाज अन् प्रत्यक्ष खुंट्या जवळजवळ एकास एक जुळत होत्या. इतक्या जुळत होत्या, की त्यांच्या जागी कुणीही असतं तरी फसलं असतं. ती दहा लाखांपर्यंत गेली. मग दहा कोटींपर्यंत. पडद्यावर आलेले आकडे तिने पुन्हा एकदा काढले, खुर्ची मागे सरकवली आणि उठून खिडकीशी गेली. तिथून परत खुर्चीशी आली आणि बसलीच नाही.

घरी पोचली तेव्हा सासरे पॅसेजमध्ये रस्ता पसरून सभेची तयारी करत होते. दार अजून भिंतीलाच टेकलेलं होतं. कडेला रंधा मारून झाला होता, आता त्यांना बिजागऱ्या पसंत नव्हत्या.

"बाबा," ती म्हणाली. बूटही न काढता ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. "तुम्ही दहा हजारांपर्यंत मोजलंय."

"हो. अंदाज आणि खुंट्या यांत एक-दोनाचा फरक. सगळा हिशेब तुझ्यासमोर आहे."

"मी पुढे गेले."

"किती पुढे?"

"दहा लाख. मग दहा कोटी."

सासऱ्यांनी मान वर केली. "दहा कोटी मोजलेस? जुळलं?"

"दहा लाखांवर तुमचा अंदाज शेकडा सातने जास्त येतो."

"सात चालतील," ते पटकन म्हणाले. "एवढ्या लांब गेल्यावर सात म्हणजे काहीच नाही."

"दहा कोटींवर शेकडा अकरा."

सासऱ्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला. मधे दार नव्हतंच.

"जास्तच?" त्यांनी विचारलं.

"जास्तच."

"मधे कुठे कमी? एखाद्या टप्प्यावर?"

"लांब गेल्यावर कुठेच नाही, बाबा. आणि पुढे जाल तसा फरक वाढतोच आहे."

सासरे उठले आणि हत्यारांच्या पेटीवर बसले.  मग बोलले ते सुनेशी नाही, समोर उभ्या असलेल्या एखाद्या हाताखालच्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"फरक इकडेतिकडे जात असेल तर वाटता येतो. एकाच बाजूला जात असेल तर वाटायचा नाही. मग तो फरक नव्हे. मोजायची साखळीच खोटी आहे." त्यांनी मान हलवली. "कड्या ताणलेल्या साखळीने गाव मोजून आलेल्या पोरांना मी परत पाठवलंय. उन्हातान्हात. पुन्हा मोजून आणा म्हणून."

"सुरुवातीला सगळे हेच धरून चालतात, बाबा. एका चाळणीचा दुसरीला धक्का लागत नाही, असं. वाटतंच तसं. पण लागतो."

"तुला कधी दिसलं हे?"

खोटं बोलायला तिला एवढी एकच जागा मिळाली होती. "आज," ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते वाकून रस्ता गुंडाळायला लागले. एरवी गुंडाळताना दुसरं टोक कुणीतरी धरावं लागायचं, ती पुढे झाली तर म्हणाले, "राहू दे." गुंडाळी वाकडी झाली. तशीच त्यांनी भिंतीशी उभी केली, पायांत बूट सरकवले आणि ते बाहेर निघून गेले.

सासूबाई चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

"झालं?"

"आई..."

"सातच टक्के होते ना? मी या घरात रोज त्याहून जास्त सोडून देते." त्यांचा आवाज फुटला. "एकच गोष्ट मागितली होती मी तुझ्याकडे. दागिना नव्हता मागितला."

"मला नाही जमलं, आई."

"दिसलं ते," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आपटायला दार नव्हतं, म्हणून त्यांनी भांडं आपटलं.

सासरे दिवे लागल्यावर परत आले. समोर आलं ते जेवले, कुणाशी बोलले नाहीत आणि लवकर झोपायला गेले. शनिवारभर घर असंच होतं. कुठे काही उघडलं गेलं नाही की काही ठोकलं गेलं नाही. या शांततेची दोन महिने सगळ्यांनी आशा धरली होती. ती आली आणि कुणाला सहन होईना. सासरे खिडकीशी बसून होते. नवऱ्याने दोनदा सभेचा विषय काढला, दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले. सुनेला काय करावं कळेना. ती या खोलीतून त्या खोलीत जायची, कशासाठी आलो ते विसरायची, परत जायची. आपण त्या माणसाचा जगण्याचा आधारच काढून घेतला, असं तिला वाटत होतं. न्हाणीघरात नळ सोडून ती थोडी रडलीही. नळ बंद केला तरी तो गळतच राहिला.

रविवारी सकाळी खरवडण्याच्या आवाजाने तिला जाग आली. बारीक, धीमा, मधेच थांबणारा. लागले परत दाराच्या मागे, असं मनात येऊन तिला बरंच वाटलं. ती बाहेर आली.

दार भिंतीला होतं तसंच टेकलेलं होतं. रस्ता बैठकीतल्या टेबलाखालून निघून पॅसेजभर पसरला होता आणि त्याच्या टोकाशी, न्हाणीघराच्या वळणावर, सासरे पोटावर पडले होते. हातात ब्लेडचं अर्धं पातं. या कागदावरची शाई रबराने जात नाही. ती पात्याने खरवडावी लागते, कागद न फाडता, अगदी अलगद. 'जुळलं'मधली पहिली दोन अक्षरं गेली होती. तिसऱ्यावर काम चाललं होतं.

"बाबा, आज सभा आहे ना?"

"दुपारी आहे."

"जाणार?"

"जाणार तर. सांगेन, साखळी खोटी निघाली. मोजणीदारच आहेत, त्यांना कळेल." त्यांनी फुंकर मारून शाईची पूड उडवली. "पंधरा मिनिटांत नाही व्हायचं ते. सेक्रेटरीला फोन करून जास्त वेळ मागून घेतो."

ती तशीच उभी राहिली. सासऱ्यांनी पातं कागदाबाहेर ठेवलं आणि कोपरावर रेलून तिच्याकडे बघितलं.

"मला एक सांग. ही साखळी खोटी आहे, हे बाकीच्यांना माहीत होतं?"

"हो. खूप आधीपासून."

"मग खरी कुठली?"

"ते नाही माहीत, बाबा."

"तुला नाही?"

"कुणालाच नाही."

"तुमच्यातली ती मोठी मोठी माणसं असतील ना?"

"त्यांनाही नाही. थोडे जवळ गेलेत लोक. पण जोड्या संपतात की नाही, हे अजून जगात कुणीही सिद्ध केलेलं नाही."

"म्हणजे अजून मोजणी व्हायचीच आहे?"

"अजून व्हायचीच आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसेल त्याची तिने दोन दिवस धास्ती घेतली होती. तसलं काही तिथे आलं नाही. सासऱ्यांनी छातीत कोंडलेला एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा, की कागदाचं टोक हललं.

"मला वाटलं, संपलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तो शब्द लिहिला आणि दुसऱ्या दिवशी उठलो तर काही नाहीच. सगळी जमीन मोजून झालेली. हात नुसते वळवळत होते गं. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता, तुम्हाला काय सांगणार?"

 सुनेने डोळे पुसले ते बाहीनेच.

"रडतेस काय? ते टोक धर. गुंडाळतंय."

ती खाली बसली आणि तिने टोक धरलं. सासरे पुन्हा कामाला लागले. तिसरं अक्षर गेलं, त्याच्यावरचा ठिपका गेला. लाल शब्द होता त्या जागी कागद जरासा पांढुरका झाला होता.

"आता तीन आणि पाच घे," ते म्हणाले. "तीनच्या चाळणीचा पाचच्या चाळणीला धक्का लागतो म्हणतेस. तो किती?"

"या दोघींत नाही लागत. त्या नेमक्या बसतात. खूप चाळण्या झाल्या आणि रस्ता तेवढा लांब नसला, की मग..." ती थांबली.

"की मग?"

याचं पुस्तकात दिलेलं उत्तर तिला तोंडपाठ होतं. वर्गात तिने ते कितीदा सांगितलं होतं. पण समोर रस्ता होता, त्याच्यावर खुंट्या होत्या, आणि पोटावर पडलेला एक म्हातारा फार आशेने तिच्या तोंडाकडे बघत होता. त्या उत्तरात 'असं दिसतं' कुठे येतं आणि 'म्हणून' कुठे येतं, हे आपण स्वतः एकदाही ताडून पाहिलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"पेन्सिल द्या," ती म्हणाली.

थोड्या वेळाने सासूबाई दोन कप चहा घेऊन आल्या. सुनेशी त्यांचा अबोला होता, म्हणून त्या कुणाशीच न बोलता कप हत्यारांच्या पेटीवर ठेवून गेल्या. आत जाऊन त्यांनी भांडी लावली, फडकी वाळत घातली. मग तिथूनच हाक मारली.

"अहो, ते दार लावताय ना आज?"

उत्तर आलं नाही.

"दार म्हणतेय मी! दाराचं काय?"

"हं," सासऱ्यांचा आवाज आला. तो 'हं' सासूबाईंच्या चांगल्याच ओळखीचा होता. त्याचा अर्थ 'हो' नव्हता, 'नाही'ही नव्हता, ऐकू आलं असाही नव्हता.

सासूबाई हात पुसत चौकटीत आल्या. दार भिंतीलाच होतं. पॅसेजभर रस्ता पसरला होता, त्याच्या वळणावर दोन डोकी एकमेकांना टेकायच्या बेतात होती. सून पालथी पडली होती, पाय हवेत, केस कागदावर आलेले, आणि पेन्सिलीचं मागचं टोक दातांत. पेटीवरचे दोन्ही कप भरलेले होते. त्यांच्यावर साय धरली होती.

सासूबाईंनी एका कपाला बोटांची मागची बाजू लावून बघितली. मग दुसऱ्याला. बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या. मग त्यांनी दोन्ही कप उचलले, पाय उंच करून रस्ता ओलांडला आणि आत जाऊन दोन्ही चहा एकाच भांड्यात ओतले.

गॅस त्यांनी बारीकच ठेवला. अजून एकदा तरी तापवावा लागणार, हे त्यांना माहीत होतं.